वर्षातून एक विद्यार्थी: अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांना आणि नर्स प्रॅक्टिशनरांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेत स्वतःची प्रॅक्टिस चालवणारे किंवा क्लिनिकमध्ये रुग्ण तपासणारे सर्व मराठी डॉक्टर आणि नर्स प्रॅक्टिशनर

स.न.वि.वि.

तुमच्या क्लिनिकला वर्षातून काही वेळा एकाच धाटणीचा ई-मेल येतो. लिहिणारी व्यक्ती अनोळखी असते. ती रजिस्टर्ड नर्स आहे, नोकरी सांभाळून एका दूरच्या विद्यापीठातून ऑनलाइन नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे एनपीचा (निदान आणि औषधयोजना करणाऱ्या उच्चशिक्षित नर्सचा), अभ्यासक्रम करते आहे आणि पुढच्या सत्रासाठी तिला प्रिसेप्टर, म्हणजे क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष रुग्णांसमोर शिकवणारा मार्गदर्शक, हवा आहे. बहुतेक वेळा हा ई-मेल फ्रंट डेस्कच्या पुढे सरकतच नाही. सरकला तरी ‘आम्ही विद्यार्थी घेत नाही’ असं एका ओळीचं उत्तर जातं, किंवा तेही जात नाही. आमची विनंती अशी, की वर्षातून एका सत्रासाठी एक विद्यार्थी घ्या, आणि घेताना त्याच्या शाळेकडून, म्हणजे विद्यापीठाकडून, जे जे मागायला हवं ते हक्काने मागून घ्या.

ही वेळ विद्यार्थ्यांवर का येते, ते आधी सांगतो. दूरशिक्षणात औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, शारीरिक तपासणीची थिअरी हे सगळं घरबसल्या होतं. क्लिनिकल तास मात्र विद्यार्थी राहतो त्या गावात, प्रत्यक्ष रुग्णांसमोर भरावे लागतात. एनपी शिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या नॅशनल टास्क फोर्सने २०२२ मध्ये थेट रुग्णसेवेचे किमान तास ५०० वरून ७५० केले. मॅनिकिनवरचा सराव, सिम्युलेशन, नुसतं मागे उभं राहून पाहणं यांपैकी काहीही त्यात धरलं जात नाही. वाढ योग्यच होती, आमचा तिला पूर्ण पाठिंबा आहे. पण एका विद्यार्थ्यामागे लागणारे तास दीडपट झाले आणि ते देणारी क्लिनिकं त्या प्रमाणात वाढली नाहीत.

कागदावर ही जबाबदारी शाळेची आहे. अधिस्वीकृती देणाऱ्या संस्थांच्या निकषांतही पुरेशा क्लिनिकल जागा आहेत की नाहीत हे पाहणं अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळेचं काम मानलं आहे. प्रत्यक्षात अनेक ऑनलाइन कार्यक्रम मंजुरी आपल्या हातात ठेवतात आणि शोधाशोध विद्यार्थ्यावर सोडतात. प्रवेश देताना त्या विद्यार्थ्याच्या गावात एकही जागा हाताशी नसते. हे चूक आहे असं आमचं स्पष्ट मत आहे आणि शाळांशी तो वाद आम्ही घालतोच. पण तो वाद मिटेपर्यंत ऑगस्टचं सत्र थांबत नाही.

स्थानिक विद्यापीठाचे तुमच्या गावातल्या हॉस्पिटलांशी वर्षानुवर्षांचे करार असतात. वैद्यकीय आणि फिजिशियन असिस्टंटच्या शाळांपैकी काही जागेसाठी क्लिनिकला पैसेही देतात. हजार मैलांवरच्या शाळेच्या विद्यार्थिनीकडे यांतलं काहीच नसतं. जागा मिळाली नाही तर तिला त्या सत्राचा विषय सोडावा लागतो. तो विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर वर्ष जातं. अर्ध्यापेक्षा कमी अभ्यासभार झाला की सरकारी शैक्षणिक कर्जाची सहा महिन्यांची सवलत मोजायला सुरुवात होते आणि पदवी हातात येण्याआधीच हप्ते सुरू होऊ शकतात. मग ती हजारो डॉलर घेऊन प्रिसेप्टर गाठून देणाऱ्या दलालांकडे वळते. फी भरून वर हे पैसे मोजणाऱ्यांत एकट्या कमाईवर घर चालवणाऱ्या नर्सेसही असतात.

आता तुमच्या बाजूच्या अडचणींकडे वळतो. त्या खऱ्या आहेत, पण त्यांतल्या काही जुन्या माहितीवर उभ्या आहेत.

सगळ्यात जुना समज चार्टिंगचा, म्हणजे रुग्णाच्या नोंदी लिहिण्याचा. ‘विद्यार्थ्याने लिहिलेली नोट बिलिंगला चालत नाही, मला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं,’ असं आजही ऐकू येतं. मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, हा नियम १ जानेवारी २०२० पासून बदलला. एनपी विद्यार्थ्याने चार्टमध्ये लिहिलेली नोंद बिल करणारा डॉक्टर किंवा एनपी आता तपासून, सही आणि तारीख घालून वापरू शकतो. मात्र शारीरिक तपासणी आणि वैद्यकीय निर्णय बिल करणाऱ्याने स्वतः केलेला असला पाहिजे. म्हणजे विद्यार्थिनीने छाती तपासली तरी स्टेथोस्कोप तुम्हालाही लावायचा आहे, फक्त तिने नीट लिहिलेला इतिहास परत लिहायचा नाही. मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी विमा) आणि खासगी विमा कंपन्या यांचे नियम तुमच्या बिलिंग करणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या आणि ऑफिस मॅनेजरला लेखी कळवा. चार्टमध्ये विद्यार्थ्याचा स्वतंत्र लॉगिन मिळत नसेल, तर तुमचा पासवर्ड कृपा करून देऊ नका. त्यापेक्षा तिला नाव-जन्मतारीख नसलेल्या साच्यावर नोट लिहायला लावा आणि ती शिकवण्यापुरती वापरा.

दुसरी अडचण वेळेची, आणि हीच खरी मोठी आहे. विद्यार्थी आला की दिवस तासभर लांबतो, हा अनुभव खोटा नाही. पण तो बहुधा अपॉइंटमेंटची मांडणी न बदलल्याने येतो. समजा तुम्ही तासाला तीन रुग्ण पाहता: नऊ, नऊ वीस, नऊ चाळीस. विद्यार्थी असेल त्या दिवशी नऊ वीसचा रुग्ण नऊलाच बोलवा. नऊ वाजता विद्यार्थिनी पहिल्या खोलीत पहिल्या रुग्णाचा इतिहास घेते, तपासते. त्याच वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत दुसरा रुग्ण एकट्याने पूर्ण करता. नऊ वीसला ती तुम्हाला दोन-तीन मिनिटांत रुग्ण मांडून दाखवते, मग दोघं मिळून पहिल्या खोलीत जाता, तुम्ही तपासता, ठरवता, रुग्णाशी बोलता. नऊ चाळीसला तिसरा रुग्ण तुम्ही पाहता आणि ती पहिल्याची नोट लिहिते. दहा वाजता पुन्हा तेच. तासाचे रुग्ण तीनच राहिले, फक्त तिने त्यांतला एक पूर्ण केला. याला दोन खोल्या पुरतात. फ्रंट डेस्कला मात्र आदल्या आठवड्यात सांगावं लागतं, कारण एकाच वेळी दोन नावं पाहून ते चूक समजून दुरुस्त करतात.

पहिल्याच दिवशी सहा आजार आणि चौदा औषधं असलेला नवा रुग्ण तिच्या हाती देऊ नका. पहिले एक-दोन दिवस तिला सोबत फिरवा, तुमची पद्धत कळू द्या. पण पाहणं तिथेच थांबलं पाहिजे, कारण नुसतं पाहिलेले तास शाळा धरत नाही. मग रक्तदाब किंवा मधुमेहाच्या फेरतपासणीचे एक-दोन रुग्ण अर्ध्या दिवसात द्या. सत्राच्या मध्यावर चार-पाच झाले तर गाडी नीट चालली आहे. शेवटच्या सत्रातल्या विद्यार्थ्याने दिवसाला आठ-दहा रुग्ण योजनेसकट मांडायला हवेत. तसं होत नसेल तर ते तुमचं अपयश मानू नका, शाळेला कळवायचा तो मुद्दा आहे.

शिकवायचं म्हणजे व्याख्यान द्यायचं नाही. ‘वन-मिनिट प्रिसेप्टर’ नावाची पद्धत तुमच्यातल्या अनेकांनी रेसिडेन्सीत, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणात, वापरली असेल, ती इथेही तशीच चालते. चौदा महिन्यांचं मूल, कालपासून ताप, कान ओढतंय. विद्यार्थिनी बाहेर येऊन म्हणते, ‘उजव्या कानाचा पडदा लाल आहे, मधल्या कानाचा संसर्ग वाटतो, अमॉक्सिसिलिन सुरू करू या.’ आधी तिला निदानाशी बांधून घ्या: तुला नक्की काय वाटतं? मग पुरावा विचारा: कशावरून? ती म्हणते, लाल दिसला म्हणून. मूल रडत होतं का? हो, जोरात. इथे एकच सूत्र सांगा: रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल होतोच, संसर्ग ठरवायला पडदा फुगलेला आहे का आणि मागे द्रव आहे का ते पाहायचं. मग काय बरोबर केलं ते सांगा, की दोन्ही कान पाहिलेस आणि आईला तापाचे आकडे विचारलेस. काय सुधारायचं तेही सांगा, की कानात हवा सोडणाऱ्या इन्सफ्लेटरचा बल्ब दाबून पडदा हलतो का ते पाहिलं नाहीस. आत जा, दोघं मिळून पुन्हा पाहा. हे सगळं खोलीच्या दाराशी दोन मिनिटांत होतं आणि ती पुढे आयुष्यभर नुसत्या लाल पडद्यावर अँटिबायोटिक लिहिणार नाही.

तिसरी अडचण तत्त्वाची, आणि ती डॉक्टरांकडून मोकळेपणाने बोलली जात नाही म्हणून आम्ही बोलतो. भारतात शिकलेल्या डॉक्टरांनी ज्या पद्धतीत काम केलं, तिथे निदान आणि औषधयोजना सिस्टरच्या कामात बसत नव्हती. तिथेही आता भारतीय परिचर्या परिषदेने क्रिटिकल केअरमधल्या नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे, पण मनातलं चित्र लवकर बदलत नाही. अमेरिकेतही एनपींनी डॉक्टरांच्या देखरेखीविना प्रॅक्टिस करावी का, यावर वैद्यकीय संघटनांचा कडवा विरोध आहे. त्या वादात तुम्ही कुठल्याही बाजूला असा. एनपींचे क्लिनिकल तास रेसिडेन्सीच्या मानाने फार कमी आहेत असा तुमचा आक्षेप असेल, तर तो आकड्यांना धरूनच आहे. पण मग ते थोडे तास कुणाच्या हाताखाली भरले जातात, याला दुप्पट महत्त्व येतं. चांगल्या क्लिनिकने दार बंद केलं की विद्यार्थी पैसे मोजून मिळेल त्या जागी जातो. तिथे त्याला कोण आणि काय शिकवतं, यावर तुमचा काहीच ताबा राहत नाही. पुढच्या वर्षी तोच पदवीधर तुमच्याच रुग्णांना तातडीच्या क्लिनिकमध्ये भेटणार आहे. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात पहिला एनपी कार्यक्रम सुरू केला तो लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून. हे शिक्षण सुरुवातीपासूनच दोन्ही पेशांनी मिळून देण्याचं आहे.

कोणत्या तज्ज्ञाचे तास कुठल्या विद्यार्थ्याला धरता येतात, इथे बराच गोंधळ होतो. एनपीचं शिक्षण रुग्णगटाप्रमाणे विभागलेलं असतं: कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालक, स्त्री-आरोग्य, मनोविकार, नवजात. फॅमिली एनपीच्या विद्यार्थ्याला बाळापासून आजीपर्यंत सगळे लागतात. प्रौढांचं इंटर्नल मेडिसिन त्यातल्या त्यात मिळतं, अडतं ते मुलांवर आणि स्त्री-आरोग्यावर. तुम्ही बालरोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ असाल तर हे पत्र सर्वांत आधी तुमच्यासाठी आहे. तुमच्याकडे पूर्ण सत्र लागत नाही, शाळेनुसार साठ ते शंभरच्या आसपास तासही एका विषयाला पुरतात. आठवड्यातून एक दिवस, दहा-बारा आठवडे. मनोविकाराच्या विद्यार्थ्याला मनोविकारतज्ज्ञ किंवा त्याच शाखेचा एनपीच लागतो, फॅमिली डॉक्टरने नैराश्याचे रुग्ण पाहिले तरी ते तास चालत नाहीत. हृदयरोग, त्वचारोग, एंडोक्राइन अशा शाखांचे तास बहुतेक शाळा मर्यादेत धरतात. त्यामुळे होकार देण्याआधी ‘हे तास तुझ्या कुठल्या विषयात धरले जाणार?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर प्राध्यापकाकडून लेखी मागा.

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट हमखास होते, म्हणून वेगळी सांगतो. नात्यातल्या माणसाला गळ घातली जाते. दिराचं क्लिनिक, मावसबहिणीचे यजमान, नवऱ्याचा भागीदार. जवळच्या नातेवाइकाने प्रिसेप्टर होणं शाळा हितसंबंधांचा प्रश्न म्हणून नाकारतात, आणि ते सत्र अर्धं झाल्यावर उघड झालं तर भरलेले तास बाद होतात. तिथेच पगारावर नर्स म्हणून काम करताना घालवलेले तासही विद्यार्थी म्हणून मोजता येत नाहीत. म्हणून तुमच्या पुतणीला तुमच्या मित्राकडे पाठवा आणि मित्राच्या सुनेला तुम्ही घ्या. यात आडपडदा काही नाही, नियमाला धरूनच आहे.

कागदपत्रांकडे येऊ, कारण होकार मिळूनही सर्वांत जास्त विद्यार्थी इथेच अडकतात. शाळा आणि तुमचं क्लिनिक यांच्यात एक संलग्नता करार होतो. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होण्यापूर्वी भरलेला एकही तास धरला जात नाही. विद्यार्थी उत्साहाने ‘कागद येतीलच, मी सोमवारपासून येते’ म्हणाली तरी तिला थांबवा. एकट्या डॉक्टरच्या प्रॅक्टिसमध्ये हा करार दोन-तीन आठवड्यांत उरकतो, मोठ्या हॉस्पिटल समूहात तीन ते सहा महिने सहज जातात. अडतं बहुधा नुकसानभरपाईच्या कलमावर. हॉस्पिटलचे वकील शाळेकडून भरपाईची हमी मागतात आणि बऱ्याच सरकारी विद्यापीठांना राज्याच्या कायद्यामुळे ती लिहून देता येत नाही. मग मसुदा दोन कायदा विभागांत फिरत राहतो. तुमची स्वतःची प्रॅक्टिस असेल तर शाळेचाच साचा मागवा, तुमच्या वकिलाला फक्त विमा, भरपाई आणि करार संपवण्याची मुदत ही तीन कलमं दाखवा. विद्यार्थ्याच्या मालप्रॅक्टिस विम्याचं, म्हणजे उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीच्या विम्याचं, प्रमाणपत्र मागा. प्रत्येक घटनेला १० लाख डॉलर आणि एकूण ३० लाख डॉलर ही नेहमीची मर्यादा आहे. तुमच्या स्वतःच्या विमा कंपनीलाही एक पत्र टाकून विद्यार्थी घेत असल्याचं कळवा.

करारात प्रिसेप्टर म्हणून पहिल्याच दिवशी दोन नावं घाला. एकटं नाव असलेला प्रिसेप्टर सत्राच्या मध्यावर नोकरी सोडतो, बाळंतपणाच्या रजेवर जातो किंवा आजारी पडतो, आणि विद्यार्थिनी ऑक्टोबरमध्ये उघड्यावर पडते. दुसऱ्या नावाचा बायोडेटा, लायसन्स आणि बोर्ड प्रमाणपत्र आधीच शाळेकडे असेल तर ती दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत काम सुरू ठेवू शकते.

तुमचं क्लिनिक एखाद्या हॉस्पिटल समूहाने किंवा गुंतवणूकदार कंपनीने विकत घेतलं असेल, तर तुमचा होकार पुरेसा नाही हे आम्हाला ठाऊक आहे. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांच्या जागा मध्यवर्ती कार्यालय वाटतं आणि ते आधी करार असलेल्या शाळांना देतं. तरीही तुमचं एक वाक्य तिथे फार उपयोगी पडतं. ‘मी अमुक दिवशी अमुक विद्यार्थिनीला घ्यायला तयार आहे’ असा तुमचा ई-मेल जोडलेला अर्ज आणि नुसता अर्ज यांत मोठा फरक असतो.

राज्याचे नियमही आडवे येतात. विद्यार्थ्याकडे जिथे तास भरायचे त्या राज्याचं नर्सिंग लायसन्स हवं. बरीच राज्यं परस्पर मान्यतेच्या नर्स लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये आहेत, पण कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि इलिनॉय, म्हणजे आपली वस्ती दाट असलेली तीन राज्यं, त्याबाहेर आहेत. शिवाय ऑनलाइन शिकवण्याच्या आंतरराज्य करारात शाळा सहभागी असली म्हणून नर्सिंग बोर्डाची परवानगी आपोआप मिळत नाही. कॅलिफोर्नियात बाहेरच्या राज्यातल्या एनपी कार्यक्रमाला विद्यार्थ्याच्या क्लिनिकलसाठी बोर्डाची मान्यता घ्यावी लागते, वॉशिंग्टन राज्यातही तसंच. ही मान्यता शाळेने आणायची असते. तुम्ही फक्त तिची प्रत मागायची.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये काय हवं तेही सांगतो, म्हणजे तुमच्या ऑफिस मॅनेजरला रोज फोन करावे लागणार नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांच्या प्रतिकारशक्तीचे रक्त अहवाल, हिपॅटायटिस बी, टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची लस), त्या मोसमातली फ्लूची लस, बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाचं) चालू कार्ड, पार्श्वभूमी तपासणी, ड्रग टेस्ट, हिपाचं (रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याचं) प्रशिक्षण. भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत एक गाठ नेहमी पडते. लहानपणी बीसीजी टोचलेली असल्याने टीबीची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, आरोग्य विभागाची पत्रं यांत तीन आठवडे जातात. अशा विद्यार्थिनीने आधीच क्वांटिफेरॉनसारखी रक्तचाचणी करून घ्यावी. तिच्या शाळेला हे सुचेलच असं नाही, तुम्हाला पहिल्या फोनवर सुचेल.

तुम्हाला स्वतःला किती लिहावं लागतं? सत्राच्या मध्यावर आणि शेवटी एकेक मूल्यमापन, आणि तासांच्या नोंदीला मान्यता. तास टायफन, एक्झॅट अशा प्रणालींवर नोंदलेले असतात. ही मान्यता दर शुक्रवारी पाच मिनिटांत द्या. तीन महिने साठले की तिने कुठल्या मंगळवारी किती रुग्ण पाहिले हे तुम्हाला आठवत नाही आणि शेवटच्या आठवड्यात तिची धावाधाव होते. शाळेच्या प्राध्यापकाने सत्रात निदान एकदा तुमच्याशी बोलायला हवं. दूरशिक्षणात ही भेट बहुधा व्हिडिओ कॉलवर होते. तीही झाली नाही तर शाळेला जाब विचारा. विद्यार्थी धोकादायक वाटला तर सत्र संपेपर्यंत सौजन्य म्हणून गप्प राहू नका. कमी गुण देणं आपल्या माणसांना अवघड जातं, पण चौथ्या आठवड्यात सांगितलं तर सुधारायला वेळ असतो, चौदाव्या आठवड्यात नसतो.

पैशांबद्दल आमचं मत ठाम आहे: विद्यार्थ्याकडून पैसे घेऊ नका. शाळा मानधन देत असेल तर खुशाल घ्या. जॉर्जिया, मेरीलँड, हवाई अशा काही राज्यांनी प्रिसेप्टरना करसवलत आणली. हवाईत दर ८० तासांमागे १,००० डॉलर, वर्षाला कमाल ५,००० डॉलर अशी ती आखली गेली. पण यांतल्या बऱ्याच सवलती मोबदला न घेणाऱ्यांसाठी आणि राज्यातल्याच शाळांच्या विद्यार्थ्यांपुरत्या आहेत. म्हणजे दूरशिक्षणाचा विद्यार्थी इथेही मागे पडतो. तुमच्या राज्यातली चालू अट तुमच्या सीपीएला, म्हणजे कर सल्लागाराला, विचारा. एनपी असाल तर प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाला हे काम धरता येतं. एनपींना प्रमाणपत्र देणाऱ्या दोन संस्थांपैकी एएनसीसीकडे १२० तासांचं प्रिसेप्टिंग हा एक मान्य प्रकार आहे, आणि एएएनपीसीबीकडे निरंतर शिक्षणाच्या १०० तासांपैकी २५ पर्यंत तास यातून मिळू शकतात. सत्र संपताच शाळेकडून तासांचं पत्र मागून ठेवा.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले मराठी आईवडील तुमच्याकडे तपासायला येतात, तेव्हा मराठी बोलणारी विद्यार्थिनी खोलीत असणं त्यांना बरं वाटतं. फक्त तिला दुभाषी करून टाकू नका. तिने रुग्ण स्वतः तपासला, मांडला तर ते तिचे तास. शेजारी उभी राहून तुमची वाक्यं मराठीत सांगितली तर नाहीत.

महाराष्ट्र मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना इथेच एक विनंती जोडतो. तुमच्या सभासद-यादीत डॉक्टर आणि एनपींसमोर तीन रकाने वाढवा: विद्यार्थी घेता का, कुठली शाखा, आठवड्यातला कुठला दिवस. फोन नंबर छापायची गरज नाही, मंडळाच्या एका पत्त्यावर चौकशी येऊ द्या आणि तिथून ती पुढे पाठवा. यादी फक्त मराठी विद्यार्थ्यांपुरती ठेवू नका. तुमच्या गावात तास शोधणारी नायजेरियन किंवा फिलिपिनो नर्सही त्याच अडचणीत असते, आणि उद्या तुमच्या आईला तपासणारी तीच असेल.

ऑगस्टच्या सत्राची मागणी जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, जानेवारीच्या सत्राची मे-जूनमध्ये. ई-मेल आला की एवढं परत पाठवा: ‘तुझा विषय, लागणारे तास, सत्राच्या तारखा, प्राध्यापकाचं नाव आणि शाळेचा कराराचा साचा पाठव. मंगळवारी घेऊ शकतो.’ ज्याची तयारी पक्की आहे तो दोन दिवसांत पाचही गोष्टी पाठवतो, त्यातूनच तुम्हाला माणूस कळतो. आणि जागा नसेल तर त्याच आठवड्यात तसं कळवा. तुमच्या उत्तराची वाट पाहत ती दुसऱ्या क्लिनिकला विचारायची थांबलेली असते.

आपले नम्र,
दूरशिक्षणातल्या एनपी विद्यार्थ्यांना शिकवणारे काही मराठी प्राध्यापक आणि नर्स प्रॅक्टिशनर